शिदोरी आणि ओझे

आपल्याकडे अनुभवाला फार मान आहे, आणि तो असावाच. पण हा मान देताना अनुभवाविषयी एक सोयीस्कर समजूत आपण करून घेतलेली असते. अनुभव म्हणजे जणू पेढीवर टाकलेली ठेव. ती वर्षागणिक वाढत जाते आणि माणूस जाईल त्या गावी त्याला ती सव्याज काढता येते, असे आपण धरून चालतो. अमक्याने वीस वर्षे काम केले आहे, असे ऐकले की आपण मान डोलावतो. ते काम कोठे केले, कोणात राहून केले, हे विचारण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. माणसाचा अनुभव त्याचा स्वतःचा किती आणि तो जेथे वावरला त्या जागेचा किती, हा प्रश्न मला गेले वर्षभर सोडीत नाही.

हा प्रश्न शेतकऱ्याला विचारता येईल, सुताराला विचारता येईल, आम्हा शाळामास्तरांनाही विचारता येईल. पण त्याची खरी कसोटी लागते ती रुग्णालयातल्या परिचारिकेपाशी. सुताराचा रंधा चुकला तर फळी वाया जाते. मास्तरांचा धडा चुकला तर तो उद्या पुन्हा घेता येतो. परिचारिका चुकली तर त्याची किंमत दुसऱ्याच्या देहाला मोजावी लागते, आणि तीही बहुधा त्याच रात्री. म्हणून दोन तपे एका वॉर्डात काढलेली परिचारिका जेव्हा ती शाखा सोडून दुसरी धरायचे ठरवते, तेव्हा ती नुसती नोकरीतली बदली राहत नाही. तिला तसे करण्याचा अधिकार आहे काय, आणि असल्यास कोणत्या अटीवर, असा नैतिक प्रश्न उभा राहतो.

चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचायला हा विषय जरा उग्र वाटेल, हे मी जाणतो. पण वाचकहो, लक्ष्मीपूजनाच्या रात्रीसुद्धा वॉर्डाला सुट्टी नसते, हे ज्यांच्या घरी परिचारिका आहे त्यांना सांगावे लागत नाही. आमच्या घरी आहे. माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, एका मोठ्या रुग्णालयात बावीस वर्षे पुरुषांच्या शस्त्रक्रिया वॉर्डात होत्या. गेल्या वर्षी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी स्वतः अर्ज करून नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात बदली मागून घेतली. घरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला. "आता कोठे तुझा वॉर्डावर दरारा बसला, आणि आता तू पाळणाघरात जाणार?" असे आमचे दादा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात चेष्टा होती, पण चेष्टेखाली काळजीही होती. उभ्या आयुष्याची कमाई ही बाई उंबऱ्याबाहेर टाकून निघाली आहे, असेच सर्वांना वाटत होते.

बाहेरच्या माणसाला सिस्टर म्हणजे सिस्टर. तिने इंजेक्शन द्यावे, ताप पाहावा, डॉक्टरांच्या मागून फिरावे, एवढेच आपल्याला दिसते. पण आत पाहिले तर तेथे अनेक वेगळी राज्ये आहेत आणि प्रत्येकाची भाषा निराळी आहे. शस्त्रक्रियागृहातील परिचारिका रोग्याशी दोन शब्दही बोलत नाही. पोट शिवून बंद करण्यापूर्वी ती सहकारिणीबरोबर प्रत्येक पट्टी आणि प्रत्येक हत्यार मोजते, आणि एक जरी कमी भरले तरी सर्जनला थांबवण्याचा अधिकार तिला असतो. मनोरुग्णांच्या वॉर्डात बोलणे हेच मुख्य औषध. डायालिसिसच्या विभागात तेच रोगी आठवड्यातून दोनतीनदा वर्षानुवर्षे येत राहतात, त्यामुळे तेथे ओळखीचे रूपांतर नात्यात होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात शाळा काढली तेव्हा या शाखा नव्हत्या. यंत्रे आली, औषधे वाढली, आणि एका झाडाच्या दहा फांद्या झाल्या. अतिदक्षता विभाग ही कल्पनाच मुळी १९५२ सालच्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीनंतर रुजली.

फांद्या निराळ्या म्हणजे किती निराळ्या, हे मला वहिनींनी आकड्यांनी समजावून दिले. मोठ्या माणसाची नाडी स्वस्थ पडल्यापडल्या मिनिटाला ६० ते १०० चालते. ती १४० लागली तर शस्त्रक्रिया वॉर्डातील परिचारिका हातातले काम टाकून धावते, कारण कोठेतरी आत रक्तस्राव होत असेल. नवजात बाळाची नाडी १२० ते १६० हीच निरोगी. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २०. बाळाचा ३० ते ६०. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. अडीच किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम २०० मिलिलिटर, म्हणजे फुलपात्रभर. मोठ्या माणसाचे तपासणीसाठी पाच मिलिलिटर रक्त काढताना कोणी दुसऱ्यांदा विचार करीत नाही; इथे तेच पाच मिलिलिटर जपून हिशेबात धरावे लागतात. "बावीस वर्षं ज्या आकड्याला मी भ्यायले," वहिनी म्हणाल्या, "तो आकडा इथं बाळ छान आहे म्हणून सांगतो. डोक्याला कळलं होतं, भाऊजी. पण छातीत धस्स व्हायचं ते काही महिनाभर थांबलं नाही."

आकड्यांचे एक वेळ सोडून देऊ; ते पाठ करता येतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, एका वॉर्डातला सद्गुण दुसऱ्या वॉर्डात अपराध ठरू शकतो. धाप लागलेल्या मोठ्या माणसाला आधी प्राणवायू लावावा, ही शस्त्रक्रिया वॉर्डातली हाताची सवय. अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही एके काळी असाच सढळ हाताने प्राणवायू देत असत. १९४२ साली बॉस्टनच्या टेरी नावाच्या नेत्रवैद्यांनी अशा बाळांमध्ये आढळणाऱ्या एका नव्या अंधत्वाचे वर्णन प्रसिद्ध केले. कारण काही केल्या सापडेना. १९५१ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टर केट कॅम्पबेल यांनी प्राणवायूकडेच बोट दाखवले, आणि पुढच्या दोनतीन वर्षांत अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या पाहणीने ते खरे ठरवले. तोवर जगात हजारो मुलांची दृष्टी गेली होती. ज्यांनी ती नळी लावली ती माणसे निष्काळजी नव्हती, उलट अत्यंत दयाळू होती. चांगुलपणा होता, तत्परता होती. त्या चिमुकल्या देहाचे ज्ञान तेवढे नव्हते. आता तेथे प्राणवायू मोजून देतात आणि रक्तातले त्याचे प्रमाण सतत पाहत राहतात.

यातून मला पहिली गोष्ट दिसते ती अशी की, शाखा बदलणारीला खरा धोका तिच्या अज्ञानाचा नसतो, तिच्या आत्मविश्वासाचा असतो. नवशिकी मुलगी अडली की विचारते, कारण विचारण्यात तिची अब्रू जात नाही. अनुभवी बाई अडली की अंदाज करते. आणि तिच्या आवाजात बावीस वर्षांचा दरारा असल्याने तो अंदाज कोणी तपासून पाहत नाही. अमेरिकेतील पॅट्रिशिया बेनर या परिचर्याशास्त्राच्या विदुषीने १९८४ साली एक पुस्तक लिहिले. ड्रायफस बंधूंनी कौशल्याच्या वाढीच्या पाच पायऱ्या सांगितल्या होत्या, त्या तिने परिचारिकांच्या कामाला लावून पाहिल्या. पहिली पायरी नवख्याची, पाचवी निष्णाताची. त्यात तिने एक मोठी निर्भीड गोष्ट मांडली आहे. निष्णात परिचारिकेला तिने कधी न हाताळलेल्या प्रकारच्या रोग्यांत नेऊन ठेवले, तर ती तेथे पुन्हा नवखी ठरू शकते. म्हणजे ही पायरी माणसाच्या नावावर कायमची चढत नाही. ती माणूस आणि त्याचे काम यांच्यामध्ये असते, आणि काम बदलले की पुन्हा खालून चढावे लागते.

आम्हा शिक्षकांना हे ऐकायला जड जाते, पण आमच्यातही हेच आहे. सातवीला वर्षानुवर्षे गणित शिकवणाऱ्याला पहिलीचा वर्ग दिला म्हणजे कळते की, ज्याला अजून पेन्सिल धरता येत नाही त्याला शिकवणे ही सोपी नव्हे, निराळी विद्या आहे. फरक इतकाच की, पहिलीचे मूल आमच्या नवखेपणाने आजारी पडत नाही.

येथे पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो लहान नाही. असे असेल तर तिने जावेच का? रोगी म्हणजे काही हात बसवण्याची पाटी नव्हे. ज्या बाळाला निष्णात हात मिळू शकतो त्याच्या वाट्याला नवखा हात का यावा?

याचे उत्तर देताना गुळमुळीत बोलून चालणार नाही. खरे हे आहे की, या विद्येत शिकणे नेहमीच दुसऱ्याच्या देहावर झालेले आहे. आज जी परिचारिका डोळे मिटून शीर शोधते, तिची पहिली सुई कोणाच्या तरी दंडात वाकडी गेलेली असते. ती किंमत शून्यावर आणता येत नाही. ती एकट्या रोग्यावर पडू नये, एवढी व्यवस्था करता येते. नव्या शाखेत आलेलीच्या शेजारी काही काळ जुनी परिचारिका असावी. लहान बाळाची मात्रा दोघींनी स्वतंत्रपणे हिशेब करून ताडून पाहावी. शाखेशाखेचे वर्षभराचे वेगळे शिक्षणक्रम आहेत, त्यांचा लाभ मिळावा. आणि या सगळ्याहून अधिक म्हणजे, "मला ठाऊक नाही" हे वाक्य त्या बाईच्या तोंडून सहज निघावे. शाखा बदलण्याचा अधिकार या अटीने बांधलेला आहे. ज्या दिवशी तिला हे वाक्य उच्चारण्याची लाज वाटेल, त्या दिवशी तो अधिकार संपला असे मी म्हणेन.

वहिनींना शिकवायला होती पंचविशीतली एक मुलगी. ती यांना "मॅडम" म्हणे आणि यांच्या हातातून बाळ काढून घेऊन "असं नाही, असं" असे दाखवी. आपल्या समाजात हे सोपे नाही. वयाने मोठ्या माणसाला शिकवणे म्हणजे त्याचा पाणउतारा, आणि लहानाकडून शिकणे म्हणजे कमीपणा, असे आपण मुलांना न बोलता शिकवत आलो आहोत. वहिनी म्हणाल्या, "पहिले आठ दिवस मी तिला विचारण्याआधी इकडेतिकडे कोणी ऐकतंय का ते पाहायची. नवव्या दिवशी पाहायचं सोडलं." या नवव्या दिवसाला मी मोठा दिवस मानतो. आणि त्या मुलीचेही कौतुक करतो. कारण मोठ्या माणसाची चूक दाखवताना आवाजात विजय येऊ न देणे, हे पंचविशीत साधत नाही.

दुसरा आक्षेप आहे तो मागे राहिलेल्यांचा. ज्या वॉर्डात तिचा हात बसला होता तेथल्या रोग्यांचे काय? त्यांना सोडून जाणे हा विश्वासघात नव्हे काय? दादांच्या बोलण्याचा रोखही तोच होता. मला वाटते, यात शुश्रूषेविषयी एक गैरसमज आहे. शुश्रूषा ही एका व्यक्तीची मिरास नाही. ती हातातून हातात जाणारी वस्तू आहे. रोज तीन पाळ्यांत ती तीनदा हात बदलते, म्हणून तर प्रत्येक पाळीच्या अखेरीस खाटेखाटेपाशी उभे राहून पुढचीला सगळे सांगावे लागते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानबाग ही परिचारिका १९७३ साली झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षे, अंथरुणाला खिळून होती. त्या रुग्णालयातील परिचारिकांनी तिला इतकी वर्षे सांभाळले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही आपल्या निकालात त्यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. पण बेचाळीस वर्षे म्हणजे एका नोकरीहूनही मोठा काळ. ज्यांनी प्रथम तिची कूस बदलली त्या निवृत्त झाल्या, आणि ज्यांनी अखेरीस बदलली त्यांतल्या कित्येकींचा १९७३ साली जन्मही झाला नव्हता. बाया बदलत गेल्या, शुश्रूषा बदलली नाही. तेव्हा वॉर्ड सोडणे हा विश्वासघात नाही. पुढचीला न सांगता, न शिकवता सोडणे हा मात्र आहे.

आता सगळ्यांत नाजूक प्रश्न. जायचे कशासाठी? परिचारिका वॉर्ड सोडते ती तीन कारणांनी. एक, वरून हुकूम येतो. २०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि सुइणींचे वर्ष म्हणून आधीच जाहीर करून ठेवले होते. त्याच वर्षी कोविडची साथ आली आणि कोठकोठल्या वॉर्डांतून परिचारिकांना उचलून कोविडच्या विभागांत नेऊन उभे केले गेले. तेथे निवडीचा प्रश्नच नव्हता, शिकायला उसंतही नव्हती. दुसरे कारण, नवे काही करण्याची ओढ. आणि तिसरे, ज्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नाही, ते म्हणजे सुटका.

सुटकेसाठी जाणे हे पळून जाणे, असे आपण झटकन म्हणतो. पण कुदळ धरणाऱ्याचा हात पाहावा. आधी फोड येतात, मग घट्टे पडतात. घट्टा पडला म्हणून काम करता येते. पण त्या जागी स्पर्शही कळेनासा होतो. मनाचेही तसेच. वहिनींनी बदलीचे खरे कारण घरात कोणाला सांगितले नव्हते. मला सांगितले ते असे: एका रात्री एक वृद्ध गृहस्थ गेले, त्यांच्या मुलाला बोलवायचे होते, आणि वहिनींना नाव काही केल्या आठवेना, आठवला तो खाटेचा नंबर. "अकरा नंबर. चार दिवस मी त्यांना पाणी पाजलं होतं, भाऊजी." काम त्यांचे चोख होते. कोणी त्यांच्याकडे बोट दाखवले नसते. पण हात चोख चालला आहे आणि मन तेथे नाही, हे ज्याचे त्यालाच कळते. रोग्याचा कंटाळा आल्यावर निघणे वेगळे. कंटाळा येऊ घातला आहे हे ओळखून, तो रोग्याला जाणवण्यापूर्वी निघणे वेगळे. पहिल्याला पळणे म्हणा. दुसऱ्याला मी इमानदारी म्हणतो.

मग बावीस वर्षांचे काय झाले? ती खरोखरच उंबऱ्याबाहेर पडली काय? इंग्लंडमधील सिसिली साँडर्स यांचे उदाहरण येथे बोलके आहे. त्या प्रथम परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सोडावे लागले, तेव्हा रुग्णालयातच समाजसेविकेचे काम धरले. मरणाऱ्या रोग्यांसाठी काही करायचे तर वैद्यक शिकले पाहिजे, असा सल्ला एका सर्जनने दिला, तेव्हा तिशी उलटून गेल्यावर विद्यार्थिनी होऊन १९५७ साली त्या डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर हे हॉस्पिस काढले. असाध्य रोग्यांची अखेर वेदनेवाचून व्हावी, या आजच्या सर्व प्रयत्नांचा उगम तेथे आहे. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन निघाले ते त्याच वाटेने. वेदना असह्य होण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी मॉर्फिन द्यायचे, ही रीत साँडर्सबाईंनी डॉक्टर होण्यापूर्वीच, एका रुग्णालयात हौसेने परिचर्या करीत असताना, पाहून ठेवली होती. तीन पेशे धरले. तीनदा नवखेपण आले. पण खाटेशी बसून वेदना ऐकण्याची सवय तिन्ही वेळा बरोबर गेली.

म्हणजे अनुभवाचे दोन भाग पडतात. आकडे, मात्रा, यंत्रांच्या कळा हा भाग जागेचा. जागा सोडताना तो तेथेच ठेवावा लागतो, आणि हट्टाने बरोबर नेला तर त्याचे ओझे होते. लक्ष देण्याची सवय, घाबरलेल्या माणसापुढे आवाज खाली आणणे, देहाची किळस न वाटणे, काहीतरी बिनसले आहे ही चाहूल, हा भाग माणसाचा, ती शिदोरी. आणि ही शिदोरी कोठे उपयोगी पडेल ते आधी सांगता येत नाही. वहिनींच्या नव्या विभागात बाळांच्या आयांना सगळ्याजणी धीर देत; पण काचेबाहेर हाताची घडी घालून उभ्या असलेल्या बापांकडे जाई कोण? ते विचारीत फक्त बिलाचे आणि औषधाच्या चिठ्ठीचे. बावीस वर्षे पुरुषांच्या वॉर्डात काढलेल्या बाईला मात्र ठाऊक होते की, पुरुष भ्याला म्हणजे पैशांविषयी बोलतो. त्या त्यांच्यापाशी जाऊन उभ्या राहतात. एका बापाला त्यांनी हात धुवायला लावून आत नेले आणि त्याचे बोट बाळाच्या मुठीत दिले. ज्या मुलीने वहिनींना बाळ धरायला शिकवले, तिला आता वहिनी हे शिकवीत आहेत.

तात्पर्य काय, तर ज्येष्ठता ही अंगावरच्या शालीसारखी असावी. गरज पडली म्हणजे काढून ठेवता यावी. आपल्या बायकांना हे मी काय सांगणार? माहेरच्या स्वयंपाकघरात हुकमत गाजवणारी मुलगी सासरी येऊन पहिल्या दिवशी मिठाचा डबा कोठला ते विचारते. या विद्येत त्या आम्हा पुरुषांच्या पुष्कळ पुढे आहेत.

यंदाच्या दिवाळीतही, आपण पणत्या लावून झाल्यावर फराळाला बसू तेव्हा, कितीतरी वॉर्डांत रात्रपाळी सुरू होत असेल. त्यांतल्या एखाद्या वॉर्डात केस पिकू लागलेली एक परिचारिका नवी आलेली असेल, आणि आपल्या मुलीच्या वयाच्या सहकारिणीला एकच गोष्ट दोनदा विचारीत असेल. खाटेवर आपले माणूस असले तर आपल्याला तेवढ्याने धास्ती वाटेल. वाटू देऊ नये. तिला विचारू द्यावे.